एक महिला, एक फुल

खिडकीशी भाचा, त्याच्याशेजारी ताई आणि त्यांच्या मागच्या बाकावर मी. स्वारगेटहून सुटलेली वाईची एसटी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडली आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत मागे येऊ लागला. ताईने पर्सची चेन उघडली आणि सवयीने म्हणाली, "वाई. एक महिला, एक हाफ." कंडक्टरने पोराकडे बघितलं. संशय वगैरे नव्हता, दिवसभर लोकांची वयं विचारून कंटाळलेला माणूस बघेल तसं बघितलं. "किती वर्षांचा?" "बारावं चालू आहे," ताई म्हणाली. तेवढ्यात ओंकारने कानातला इअरफोन काढला. "तेरा पूर्ण झालीत मला. मार्चमध्ये." आवाज फुटायला लागलेला, त्यामुळे 'तेरा' जाड आलं आणि 'मार्चमध्ये' चिरकलं. आजूबाजूच्या चार बाकांना तरी ऐकू गेलं असेल. कंडक्टरने मान खालीच ठेवून बटणं दाबली, "एक महिला, एक फुल" असं स्वतःशीच पुटपुटला आणि मशीनमधून चर्र चर्र करत तिकिटं बाहेर आली. आईचं अर्धं, मुलाचं पूर्ण. ताईने ओठ मिटून आणखी एक नोट काढून दिली. ओंकारने स्वतःचं तिकीट तिच्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि मोबाइलच्या कव्हरमागे नीट सरकवून ठेवलं. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग ताई मागे वळून मला म्हणाली, "हरिश्चंद्र आलाय माझ्या पोटी."

आता ताईने काही दरोडा घातला नव्हता. एसटीत वय ही कायमच घासाघीस करायची गोष्ट. पोरं बाराव्या वर्षापाशी दोन-तीन वर्षं मुक्काम ठोकतात आणि म्हातारी माणसं पासष्टीला जरा लवकर पोचतात. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, तेव्हापासून तर कंडक्टर आणि आजोबा यांच्यात आधार कार्डावरून जे संवाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. निम्म्या आजोबांचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच दिवस लिहिला. खरं वय आईला ठाऊक होतं, आणि ती पुराच्या नाहीतर प्लेगाच्या हिशोबाने सांगायची. पुढे २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून तर त्या दिवशी आईपेक्षा पोराचं तिकीट दुप्पट झालं. आम्ही भावंडंही आईच्या मांडीवर पाय दुमडून बसून बारा वर्षांची राहिलेलो आहोत. तेव्हा कंडक्टरने वय विचारलं की गप्प बसून लहान दिसायचं, एवढंच आमचं काम. त्या सगळ्यात आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. तो घरखर्चाचा भाग होता.

खरी गंमत संध्याकाळी वाईच्या घरी झाली. ताई स्वयंपाकघरात होती आणि तिचा मोबाइल बाहेरच्या ओट्यावर ओंकारच्या हातात होता. पुण्याहून त्याच्या मित्राच्या, सोहमच्या, आईचा फोन आला. मी शेजारीच सुपारी कातरत बसलो होतो. "हो काकू," ओंकार म्हणाला, "काल सोहम आमच्याकडेच होता. संध्याकाळपर्यंत. हो, जेवला ना." आवाज एकदाही चिरकला नाही. आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत मी ताईच्याच घरी होतो. सोहम नावाचं कुणी तिथे फिरकलं नव्हतं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे, तर म्हणाला, "तो खडकवासल्याला गेला होता, बारावीच्या पोरांबरोबर. शपथ घातलीय त्याने मला." मी म्हटलं, "आणि सकाळचा तो कंडक्टर?"

"ते वेगळं आहे, मामा."

वेगळं कसं, ते सांगायचा प्रयत्न त्याने केला, हे त्याचं कौतुक. तिथे माझं वय होतं, माझ्याबद्दल कुणी खोटं बोललेलं मला नाही चालणार. इथे गोष्ट सोहमची आहे, ती सांगणारा मी कोण? शिवाय सांगितलं तर त्याचा मोबाइल जाणार, मारही बसणार. कंडक्टरला खरं सांगून कुणाला मार बसत नाही. एवढं बोलून तो थांबला आणि मग वैतागून म्हणाला, "तू उगाच दोन्ही एकत्र करतोयस."

मी बी.एड. केलं त्याला बरीच वर्षं झाली. पुढे शिक्षकाची नोकरी काही केली नाही, पण 'कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या' ही टीप अजून डोक्यात आहे. तीन स्तर, सहा पायऱ्या. मार खायला नको म्हणून नियम पाळणारं मूल सगळ्यात खाली. मग तू माझं कर मी तुझं करतो. मग चार लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून. मग कायदा आहे म्हणून. आणि वर कुठेतरी, कायदाही ज्यावर तोलून बघायचा अशी तत्त्वं. १९५८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी शिकागोच्या विद्यापीठात जो प्रबंध दिला, त्यात शिकागो परिसरातली दहा, तेरा आणि सोळा वर्षांची ७२ मुलं होती. सगळे मुलगे. त्यांना एक गोष्ट सांगायची: हाइन्झची बायको कॅन्सरने मरायला टेकलीय, गावातल्या औषधवाल्याने एक औषध शोधलंय, दोनशे डॉलर खर्चाचं औषध तो दोन हजाराला विकतोय, हाइन्झकडे हजारच जमलेत. त्याने रात्री दुकान फोडलं. बरोबर केलं का? हो म्हणा की नाही म्हणा, मार्क त्याला नाहीत. मार्क 'का'ला. आमच्या नोट्समध्ये जे नव्हतं आणि जे मला पुढे कळलं ते असं, की हा माणूस विशीत असताना दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाईनला नेणाऱ्या जहाजावर काम करत होता. पकडला गेला, सायप्रसच्या छावणीत राहिला. कायदा मोडून माणसं वाचवावीत का, हा प्रश्न त्याने कागदावर मांडण्याच्या आधी डेकवर उभं राहून सोडवला होता. परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहिताना हे माहीत असतं तर हस्ताक्षर तरी जरा बरं आलं असतं.

पण ओंकारला कुठल्या पायरीवर बसवायचं? सकाळी कंडक्टरपुढे तो कायद्याच्या पायरीवर होता, संध्याकाळी 'चांगला मित्र'वाल्या पायरीवर उतरला. मधल्या वेळात त्याने फक्त दोन वडापाव खाल्ले होते. शिड्यांबद्दलची ही कुरकुर माझी एकट्याची नाही. कोलबर्ग यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली हेच विचारलं होतं, मुलींच्या बाजूने. हाइन्झची गोष्ट ऐकून अकरा वर्षांचा जेक सरळ गणित सोडवतो: जीव पैशापेक्षा मोठा, चोरी करावी. अकरा वर्षांची एमी घोळत बसते. चोरी नको, पण बायको मरायलाही नको. चोरी करून हा तुरुंगात गेला तर तिला परत कोण बघणार. त्या औषधवाल्याशी बसून बोलायला हवं. शिडीवर ती जेकच्या खाली येते. आमच्या आळीतल्या कुठल्याही आजीने मात्र एमीलाच शहाणी म्हटलं असतं. आणि आपल्याकडचं म्हणाल तर जोन मिलर यांनी म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या मुलांना आणि मोठ्यांना अशाच गोष्टी सांगितल्या. एकीत मित्राच्या लग्नाची अंगठी पोचवायची आहे, पाकीट चोरीला गेलंय, आणि शेजारच्या चांगल्या कपड्यातल्या माणसाच्या कोटातून रेल्वेचं तिकीट डोकावतंय. १९९२ साली हे काम छापून आलं. अमेरिकेतल्यांपेक्षा म्हैसूरकरांनी जास्त वेळा उत्तर दिलं की तिकीट घ्यावं आणि लग्नाला पोचावं. मित्राला दिलेला शब्द पाळणं हीही नीतीच, तो नुसता स्वभावाचा भाग नव्हे. हे वाचताना मला ओंकारची शपथ आठवली. खरं बोलण्याच्या विरुद्ध बाजूला त्याने स्वार्थ ठेवला नव्हता. तिथेही त्याने एक कर्तव्यच ठेवलं होतं.

आमच्या वाड्याच्या चौकात आता दुचाक्या लागतात. तेव्हा तिथे क्रिकेट चालायचं. एक टप्पा आउट, थेट भिंतीला लागला तर दोन, जोश्यांच्या पागोळीवर गेला तर आउट आणि ज्याने मारला त्यानेच आणायचा. चार घरं पलीकडे धर्मकोशाचे, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या कोशाचे, खंड तयार करणाऱ्या शास्त्र्यांचं गाव हे. धर्म म्हणजे काय याचा कीस पिढ्यान्‌पिढ्या इथे काढला गेला. आमचं धर्मशास्त्र चौकातच तयार व्हायचं आणि दर रविवारी बदलायचं. त्यात एक कलम मात्र कधी बदललं नाही. सगळ्यात धाकटं जे कुणी असेल ते कच्चा लिंबू. त्याला बॅटिंग मिळणार, पण तो आउट झाला तरी आउट नाही. त्याचा कॅच सुटला तरी कुणी ओरडणार नाही. त्याच्या रन्सही मोजल्या जायच्या नाहीत, हे त्याला बरेच दिवस कळायचं नाही. कळतं तेव्हा मात्र फार मोठं रडं होतं. मला आठवतं, आमच्यातला एक कच्चा लिंबू एकदा सरळ बोल्ड झाला आणि आम्ही म्हटलं, खेळ खेळ, तुला माफ आहे. तर त्याने बॅट टाकली आणि रडत ओरडला, "नाही! मी आउट आहे! माझा आउट धरा!" आम्ही हसलो. त्याला कसलं एवढं वाईट वाटलं ते तेव्हा कुणाला कळलं नाही. पुढच्या रविवारपासून त्याच्या रन्स धरायला लागलो आणि तो चिडकाही व्हायला लागला, कॅच जमिनीला टेकला होता म्हणून भांडायला लागला, एकदा तर टेकलेला कॅच स्वतःही पकडल्याचं छातीठोक सांगितलं. म्हणजे ज्या आठवड्यात तो खेळात आला त्याच आठवड्यात त्याला लबाडीही करता यायला लागली. ही दोन्ही कौशल्यं एकदमच येतात, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजे हा मानसशास्त्रज्ञ पोरांच्या गोट्या बघत बसला तेही याचसाठी. मला खेळता येत नाही, शिकव, असं म्हणून तो पोरांपुढे गोट्या ठेवायचा आणि विचारायचा, हे नियम कुणी केले? लहान मुलं सांगायची, बाबांनी; कुणी म्हणे देवाने; कुणी म्हणे नगरपालिकेतल्या साहेबांनी. बदलता येतील का? छे! तीच मुलं दहा-अकराच्या पुढे गेली की म्हणायची, सगळ्यांचं ठरलं तर बदलू की. १९३२च्या त्याच्या पुस्तकात कपांचीही गोष्ट आहे. एका मुलाने दार उघडलं आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप फुटले, त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलांच्या हिशोबात पंधरा म्हणजे पंधरा. मोठी मुलं मुरंब्याकडे बघतात. आमच्या आईचा हिशोब शेवटपर्यंत पंधरालाच होता, हा भाग सोडा.

आजी मांडव्य ऋषींची गोष्ट सांगायची, घाटावरच्या कीर्तनात ऐकलेली, तिच्या पद्धतीने मीठमसाला लावून. ऋषींच्या आश्रमात चोरांनी लूट लपवली, ऋषी मौनात, राजाच्या शिपायांना उत्तर दिलं नाही, तर चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. सुळाचं टोक शरीरात राहिलं म्हणून अणीमांडव्य. पुढे ते धर्मदेवतेसमोर जाऊन उभे राहिले: माझं पाप तरी काय? धर्माने सांगितलं, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. ऋषी भडकले. लहानपणी! तिथेच त्यांनी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंत केलेल्याचं पाप लागणार नाही, पुढचं लागेल. आणि एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्माला शाप दिला, तोच विदुर होऊन जन्माला आला. लहानपणी मला यात सगळ्यात आवडायची ती चौदाची सवलत. आम्ही वर्षं मोजायचो, अजून किती शिल्लक आहेत. आता वाटतं, केवढी विलक्षण कल्पना आहे ही: ज्याला शिक्षा झाली तो माणूस धर्मालाच वयाचा नियम शिकवतो, आणि धर्माला तो ऐकावा लागतो.

कायद्याचे आकडे निराळे. भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचा गुन्हाच नाही. सात ते बारामध्ये आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज आली होती का ते बघायचं. दिल्लीतल्या २०१२च्या त्या प्रकरणानंतर, २०१५च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठराच्या मुलांनी अतिगंभीर गुन्हा केला तर त्यांच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवता येईल का हे तपासायची सोय केली. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. गाडीवर सतरा वर्षांचा मुलगा असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध आला. त्या निबंधावर अख्खा महाराष्ट्र चिडला, मीही चिडलो. पण पुढच्या पंधरवड्यात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली जी माणसं अटकेत गेली ती सगळी मोठी होती, त्यांत डॉक्टर होते, मुलाचे आईवडील होते. त्या सतरा वर्षांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत नाही. त्याच्याभोवतीच्या मोठ्यांच्या डोक्यात काय चाललं होतं असं आरोपपत्र म्हणतं, ते मात्र नको इतकं ओळखीचं वाटलं. बारावं चालू आहे, साहेब. अजून कच्चा लिंबू आहे आमचा.

आमच्या वेळची दहावीची परीक्षा हाही एक मोठा पाठ होता. सेंटर शेजारच्या गावी. खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांपलीकडे काका-मामा, आणि गाइडची फाडलेली पानं काडीला गुंडाळून आत येणारी. भरारी पथकाची जीप फाट्यावर दिसली की कुणीतरी शिट्टी वाजवायचं आणि दोन मिनिटांत वर्ग असा शांत व्हायचा की सुपरवायझर सरांना खोकला आला तरी दचकायला व्हायचं. त्या तीन तासांत पोरं काय काय नीतिशास्त्र बोलायची! माझ्या शेजारच्या रांगेत बसलेल्या मुलाचे वडील त्याच वर्षी गेले होते. त्याला पस्तीस हवे होते, आयटीआयला जायचं होतं. "माझ्यामुळे कुणाचा नंबर जाणार नाही, मी कुठल्या मेरिटला चाललोय?" तो म्हणायचा. खरंच होतं ते. त्याच्या समोरच्या बाकावर वर्गातला पहिला नंबर. याने पाठीत पट्टी टोचून विचारलं, दाखव. त्याने नाही दाखवलं. भूमितीच्या पेपरलाही नाही दाखवलं, आणि त्यानंतर वर्गातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. निरोप समारंभात त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. दुसरा एक हुशार मुलगा होता, तो पुरवणी अख्खी मागे द्यायचा. त्याला आजही आमच्या ग्रुपवर दिलदार म्हणतात. मात्र तोच दिलदार घरी दळणाच्या पैशांतून एक रुपया मारायचा नाही आणि शाळेच्या सहलीचा हिशोब त्याच्याकडे दिला तर पै-पैचा ठेवायचा. १९२८ साली हार्टशॉर्न आणि मे या दोघा अमेरिकनांनी हजारो शाळकरी पोरांपुढे फसवायच्या संधी मुद्दाम ठेवून बघितल्या, परीक्षेत, खेळात, पैशांत. त्यांना हेच सापडलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे फसवेलच असं नाही, आणि बरोबर काय ते तोंडाने सांगता येणं आणि तसं वागणं यांचं नातं फारच कच्चं. त्या वर्गात जे सगळ्यात निमूट होते ते सुपरवायझर सर. शाळेचा निकाल शेकड्यात फळ्यावर लागायचा होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी एसटीत ओंकारच्या पुढच्या बाकावर त्याच्याच वयाच्या दोन मुली होत्या. कात्रजपासून त्या एका मोबाइलमध्ये बघून हसत होत्या, आणि मार्च महिना जाहीर झाल्यावर त्यातल्या एकीने मागे वळून बघितलं. आता सांगा, तो खरं बोलला ते खऱ्यासाठी, की हाफ तिकिटाची लाज वाटली म्हणून? गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग छापला. पडद्यावर मोटार चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते आपणच ठरवायचं. तेरा ते सोळाची मुलं एकटी असताना बरीच सांभाळून खेळली. मित्र शेजारी उभे केले की दामटायला लागली. चोविशीच्या पुढच्यांना शेजारी कोण आहे याने विशेष फरक पडला नाही. हा प्रयोग नेहमी पोरं बिघडतात कशी हे दाखवायला सांगतात. पण बघणारं कुणी असलं की धाडस वाढतं, तर ते धाडस चांगल्या बाजूलाही वाढत असणार की. पुढच्या बाकावर मुली नसत्या तर ओंकार कदाचित गप्प बसून बारा वर्षांचा राहिला असता. मला हे सुचल्यावर आधी जरा हिरमोड झाला. मग वाटलं, आपण मोठी माणसं तरी चारचौघांत असताना जेवढी चांगली वागतो तेवढी एकटी असताना कुठे वागतो? आणि हाफ तिकिटाची लाज वाटणं यात वाईट काय? माझा आउट धरा म्हणणाऱ्या त्या पोराला लाजच वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोहमच्या आईने ताईला आभाराचा फोन केला. परवा दिवसभर तुमच्याकडे त्रास झाला असेल, वगैरे. ताईने फोनवर काही दाखवलं नाही. फोन ठेवला आणि ओंकारला माडीवरून खाली बोलावलं. मला वाटलं आता धपाटे. पण ताई चुलीपुढच्या पाटावर बसली, त्याला समोर बसवलं, खडकवासल्याचं सगळं त्याच्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, "काल मला तू सगळ्या एसटीत उघडं पाडलंस. सत्तर-ऐंशी रुपयांसाठी. बरोबर केलंस, जा. आता मला सांग, खडकवासल्याला दर उन्हाळ्यात किती पोरं बुडतात? तो गेला असता पाण्यात, तर त्या माउलीला रात्री काय सांगितलं असतंस? जेवला म्हणून?" ओंकार म्हणाला, गेला नाही ना पण. ताई म्हणाली, तुला फोनवर बोलताना माहीत होतं, तो घरी आलाय ते? हे त्याला माहीत होतं, मेसेज आला होता. मग ताई जरा अडली. पण शपथेचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा दोघंही अडली. तासभर चाललं होतं ते. मध्ये ओंकारने ताईच्या हाफ तिकिटाचा विषय परत काढला, ताईने त्याच्या बूटांची किंमत काढली, मी मध्ये पडायला गेलो तर दोघांनी मला गप्प केलं. मला राहून राहून कोलबर्ग यांची अमेरिकेतल्या केंब्रिजमधली शाळा आठवत होती. सहा पायऱ्या मांडून झाल्यावर, १९७४ साली, एका शाळेतल्या छोट्या तुकडीत त्यांनी असं केलं, की नियम सगळ्यांनी मिळून बसून करायचे, विद्यार्थ्याला एक मत आणि शिक्षकालाही एकच मत. एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले, चोर सापडेना. तासन्‌तास सभा. एकीचं म्हणणं पडलं की चोरी आपल्यात झालीय, तर प्रत्येकाने पंधरा-पंधरा सेंट काढून तिचे पैसे भरून देऊ. आपल्याकडे शाळांमधून मंत्रिमंडळ असतं, स्वच्छता मंत्री, क्रीडा मंत्री, बिल्ले लावलेले. एखादा नियम बदलायचा अधिकार त्यातल्या एकालाही नसतो. मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टला टाळ्या वाजवल्या की झालं. पाटावर बसून ताई जे करत होती ते त्या मंत्रिमंडळापेक्षा बरंच खरं होतं, कारण तिथे ती हरूही शकत होती, आणि दोन-तीनदा हरलीच.

संध्याकाळी माडीवरून ओंकारचा आवाज आला, फोनवर. "मी नाही सांगणार, तूच सांग. पण काकूंनी परत विचारलं तर मी हो म्हणणार नाही. घाल शपथ, घाल." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. रात्री जेवताना तो पोळी कुस्करत बसला होता. ताईने विचारलं तर म्हणाला, ग्रुपमधून काढलं मला. ताईने त्याच्या ताटात तूप वाढलं, आणि जास्तच वाढलं. सोहमने घरी सांगितलं की नाही, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. जून लागल्यावर दोघं परत एकत्र सायकलवर दिसायला लागले असं ताई म्हणते, तेव्हा काहीतरी मिटलं असावं. त्या वयात भांडणं कशी मिटतात हे मोठ्यांना कधीच कळत नाही, आपण स्वतः ती मिटवलेली असूनही.

मागच्या रविवारी दाजींचा फोन आला. चांगलेच तापले होते. घरात कपाटाचं काम काढलंय, प्लायवुड आणायला दोघं बापलेक गेले होते. दुकानदाराने साडेसात हजार सांगितले आणि विचारलं, बिल पक्कं करू की कच्चं? पक्क्यावर अठरा टक्के जीएसटी. दाजींनी अर्थातच कच्चं सांगितलं. "तर हा तिथे, गिऱ्हाइकांसमोर, मला विचारतो, 'बाबा, पक्कं का नको?' दुकानदार हसायला लागला. याला बाजारात न्यायची सोय राहिली नाही! घरी गेल्यावर सांगतो म्हटलं, तर घरी आल्यापासून पाठ सोडत नाही. तूच समजाव तुझ्या भाच्याला." मी म्हटलं, द्या त्याच्याकडे. ओंकार फोनवर आला, आवाज आता बराचसा बसलाय. "मामा, साडेसात हजारांवर अठरा टक्के म्हणजे किती?" मी हिशोब करून सांगितलं, तेराशे पन्नास. "ते कुणाचे होते?" मी म्हटलं, सरकारचे. "आणि दुकानदारापेक्षा बाबांचा दोष जास्त की कमी?" मी म्हटलं, थांब, विचार करून सांगतो. "बाबा म्हणतात सगळेच कच्चं घेतात. सगळ्यांचं ठरलंय तर मग नियमच बदला ना, असं मी म्हटलं तर चिडले." मागून दाजींचा आवाज आला, तुझ्या बुटांचं पक्कं बिल तू बघितलं होतंस का, आणि मग फोन कुणीतरी काढून घेतला.